थंडीच्या दिवसांत उघड्या मैदानावर अजिंक्यपदाचे सामने खेळवावेत काय ?

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरूं लागली, शेतांत कापसाची वेचणी जोरांत आली आणि उत्तरेकडील गार वारा अंगास झोंबूं लागला, म्हणजे आमच्या खानदेशांतील शाळांतून सामन्यांचे दिवस आले असें समजावें. वर्गावर्गांचे सामने, मग शाळाशाळांचे सामने आणि शेवटीं फुटबॉलच्या अजिंक्यपदाचा सामना, अशी मालिका सुरू होते. आणि तिच्याबरोबर एक जुना वादही दरवर्षीं नव्यानें डोकें वर काढतो. कित्येक पालकांचें म्हणणें असें पडतें कीं, एवढ्या गारठ्यांत मुलांस अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावर उघड्या मैदानांत उभें करणें हा कसला खेळ ? सामने उन्हाळ्यांत ठेवावेत, नाहीं तर छपराखालीं ठेवावेत. उलटपक्षीं विद्यार्थिवर्ग म्हणतो कीं, थंडीला भिऊन घरांत बसणारानें स्वतःस खेळाडू म्हणवूंच नये. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे व कांहीं अतिशयोक्तिही आहे. यास्तव प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा शांतपणें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम, ज्या थंडीविषयीं आपण बोलतों ती किती, हें मोजून पाहिलें पाहिजे. आपलें बोदवड भुसावळाहून नागपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २१ अंशांवर वसलें आहे. समुद्र येथून दूर असल्यामुळें जमीन दिवसा लवकर तापते, आणि रात्रीं आकाश निरभ्र असलें म्हणजे तितक्याच लवकर निवते. जानेवारी महिन्यांत पहाटेचा पारा साधारणतः १२ अंश सेंटिग्रेडच्या आसपास असतो. थंडीची लाट आली म्हणजे तो १० अंशांच्याही खालीं उतरतो. पण त्याच दिवशीं दुपारीं तीन वाजतां पाहावें, तर तोच पारा २८ किंवा ३० अंशांवर गेलेला आढळतो. सातपुड्यांत डाब आणि तोरणमाळ या बाजूस कडाक्याच्या हिवाळ्यांत पहाटेचें दंव गोठून गवतावर पांढरे हिमकण दिसतात. आपल्याकडे सपाटीवर तसा प्रकार विरळा. तात्पर्य, आपल्याकडील थंडी ही दिवसाची नसून प्रहराची आहे. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

आतां खरी थंडी कशास म्हणतात तें पाहूं. अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात तो आपल्या फुटबॉलहून निराळा असून, त्यांत अंडाकृति चेंडू हातांत घेऊन धांवतात. त्या खेळाच्या अजिंक्यपदाचा एक सामना ३१ डिसेंबर १९६७ रोजीं ग्रीन बे नांवाच्या शहरीं उघड्या मैदानावर झाला. त्या दिवशीं उष्णमान शून्याच्याही खालीं सुमारें २५ अंश सेंटिग्रेड इतकें होतें. मैदान गोठूं नये म्हणून जमिनीखालीं विजेच्या तारा घातलेल्या होत्या. परंतु ती योजना ऐन वेळीं निकामी ठरली व गवत दगडासारखें कठीण झालें. पंचाची धातूची शिट्टी ओठांस चिकटली, तेव्हां शिट्ट्या बाजूस ठेवून पंचांनीं तोंडानें ओरडून सामना चालविला. ग्रीन बेचा संघ २१ विरुद्ध १७ गुणांनीं जिंकला आणि तो सामना क्रीडेच्या इतिहासांत कायमचा नोंदला गेला. असल्या सामन्याचें कौतुक करावें. अनुकरण मात्र करूं नये. परंतु जेथें पारा शून्यापासून दहा-बारा अंश वरच असतो, तेथें थंडीच्या नांवानें खेळच बंद करावा असें म्हणणें कितपत सयुक्तिक आहे, हेंही त्यावरून समजून येईल.

थंडीचा शरीरावर परिणाम कसा होतो, हें आतां पाहूं. मनुष्याच्या शरीराचें आंतील उष्णमान ३७ अंशांच्या आसपास राहावें लागतें. स्नायू काम करूं लागले म्हणजे खर्चिलेल्या शक्तीपैकीं सुमारें एक चतुर्थांशच भाग हालचालीच्या उपयोगीं पडतो. बाकीच्या तीन भागांची उष्णता होते. अर्थात् मैदानावर धांवणारा मुलगा म्हणजे एक चालती शेगडीच होय. पहिल्या पांच-दहा मिनिटांत त्याची हुडहुडी जाते, तोंडावर लाली येते आणि थोड्याच वेळांत तो घामाघूम होतो. त्यास थंडी बाधत नाहीं. बाधते ती जो उभा आहे त्यास. गोलरक्षक, राखीव खेळाडू, आणि मैदानाच्या कडेला हात काखेंत घालून बसलेलीं लहान मुलें, हीं खरीं थंडीचीं भक्ष्यें होत. त्यांतही लहान मुलांच्या अंगाचें वजन थोडें व त्या मानानें कातडीचा पृष्ठभाग अधिक असल्यामुळें तीं मोठ्या माणसांपेक्षां लवकर गारठतात.

दुसरी गोष्ट वाऱ्याची व ओलाव्याची. अंगाभोंवतीं ऊबदार हवेचें एक पातळ आवरण असतें. वारा तें क्षणोक्षणीं उडवून नेतो. ओलें कापड तर याहूनही वाईट, कारण पाणी हवेपेक्षां सुमारें २५ पट अधिक त्वरेनें उष्णता वाहून नेतें. म्हणून अर्धा डाव संपल्यावर घामानें चिंब झालेला सदरा तसाच अंगावर ठेवून वाऱ्यांत बसणारा खेळाडू, खेळतांना जें कमावलें तें बसल्या बसल्या गमावतो. नियमानें मधली विश्रांति १५ मिनिटांहून अधिक असूं नये असें आहे; गारठण्यास तेवढी वेळ पुरते. गारठलेले स्नायूही ताठर असतात. त्यांस आधीं हलक्या व्यायामानें ऊब न देतां एकदम जोराची धांव घेतल्यास ते दुखावण्याचा संभव असतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकरितां येथें एक गंमत सांगावीशी वाटते. थंडी केवळ माणसालाच बाधते असें नाहीं, चेंडूलाही बाधते. नियमाप्रमाणें चेंडूंतील हवेचा दाब बाहेरील हवेपेक्षां ०.६ ते १.१ वातावरण इतका अधिक असावा लागतो. समजा, आदल्या दुपारीं ३० अंश उष्णमान असतां चेंडू ०.८ पर्यंत भरून ठेविला. दुसऱ्या दिवशीं पहाटें १० अंशांवर तोच चेंडू मोजला तर दाब सुमारें ०.६८ भरेल, कारण आंतील हवा निवली कीं तिचा दाबही त्याच प्रमाणांत उतरतो. चेंडूंतून वारा गेला नाहीं, तरी चेंडू मंद उसळतो. यास्तव सामन्याचा चेंडू सामन्याच्या वेळींच मैदानावर तपासून घ्यावा, आदल्या दिवशीं नव्हे.

पालकांच्या मनांतील मोठी भीति पडशाखोकल्याची असते. या बाबतींत इतकें सांगतां येईल कीं, पडसें हा विषाणूंपासून होणारा रोग आहे. विषाणूचा संपर्क झालाच नाहीं तर नुसत्या थंड हवेनें पडसें उत्पन्न होत नाहीं. हिवाळ्यांत पडशाची सांथ वाढते याचें एक कारण असें कीं, त्या दिवसांत दारेंखिडक्या लावून पुष्कळ माणसें एका खोलींत दाटीनें बसतात. त्या दृष्टीनें मोकळें मैदान हें बंद खोलीपेक्षां निर्धोकच म्हटलें पाहिजे. मात्र ज्या मुलास दम्याचा विकार आहे त्याची गोष्ट निराळी. थंड व कोरडी हवा जोरानें आंत घेतली असतां अशा मुलाच्या श्वासनलिका आवळतात. त्याच्या पालकांनीं ही गोष्ट शिक्षकांपासून लपवूं नये. आणि शिक्षकांनींही त्या मुलास भित्रा म्हणून हिणवूं नये.

येथें थोडें विनोदानें विचारावेंसें वाटतें. हिवाळा आला कीं आपल्याकडील वडील मंडळी रात्रीं शेतांत जमून वांग्याचें भरीत व कळण्याची भाकरी यांवर यथेच्छ ताव मारतात. मध्यरात्र उलटली तरी बैठक मोडत नाहीं. त्या वेळीं कोणासही गारठा आठवत नाहीं. मग सूर्यप्रकाशांत धांवणाऱ्या मुलांचीच एवढी चिंता कां ? परंतु विनोद बाजूस ठेविला तरी त्यांत एक खूण आहे. भरताच्या मंडळीजवळ शेकोटी असते, अंगावर घोंगडी असते आणि पोटांत गरम अन्न असतें. या तीन वस्तु असल्या म्हणजे थंडी मित्र होते; त्या नसल्या म्हणजे तीच शत्रु होते.

आतां "सामने उन्हाळ्यांत ठेवा" या सूचनेचा विचार करूं. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडील दुपारचें उष्णमान सरासरीनें ४२ अंशांच्या घरांत असतें आणि कित्येक दिवशीं तें ४५ अंशांपर्यंत चढतें. हवा कातडीपेक्षां अधिक तापलेली असली म्हणजे ती अंगांतील उष्णता बाहेर नेण्याऐवजीं उलट अंगांत घालते. मग घाम सुकणें एवढाच एक उपाय उरतो. थंडींत अंगावर आणखी एक कपडा चढवितां येतो, पण उन्हांत अंगावरील कातडी उतरवून ठेवितां येत नाहीं. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें भर उन्हांत उघड्या मैदानावर झालेल्या समारंभानंतर उष्माघातानें १४ माणसें दगावलीं. तीं तर धांवतही नव्हतीं, नुसतीं बसलेलीं होतीं. जगाचा अनुभवही हाच आहे. फुटबॉलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा एरव्हीं जून-जुलैंत व्हावयाची. परंतु २०२२ सालीं ती कतार देशांत असल्यामुळें तेथील उन्हाळा टाळण्यासाठीं २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर या काळांत घेण्यांत आली. ज्या देशाजवळ मैदानें यंत्रांनीं थंड करण्याइतकें द्रव्य होतें त्यानेंही जर हिवाळाच पत्करला, तर आपण उन्हाळा कां मागावा ?

राहिला पावसाळा. शाळांच्या कांहीं फुटबॉल स्पर्धा त्या ऋतूंत होतात. परंतु खानदेशची काळी जमीन कोणास ठाऊक नाहीं ? पावसांत तिचा चिखल बुटांस असा चिकटतो कीं पायांत शेर-शेर वजन घेऊन धांवावें लागतें. आणि उन्हाळ्यांत तीच जमीन भेगाळते, तेव्हां एखाद्या भेगेंत पाय अडकून घोटा मुरगळण्याची भीति असते. हिवाळ्यांत मात्र ती बसलेली, सपाट व पायास मानवणारी असते. शेतकरी जसा वाफसा पाहून पेरणी करतो, तद्वत् मैदानाचाही वाफसा पाहून सामना ठेवावा, आणि आपल्या मैदानाचा वाफसा हिवाळ्यांतच येतो.

छपराची सूचना ऐकावयास गोड आहे. हुतुतूचा सामना छपराखालीं गादीवर होऊं शकतो व होतोही, कारण त्याचें मैदान लहान असतें. फुटबॉलचें मैदान नियमाप्रमाणें ९० ते १२० मीटर लांब व ४५ ते ९० मीटर रुंद असतें. एवढ्या जागेवर खांबांवांचून छप्पर घालणें हें शाळेच्या काय, जिल्ह्याच्याही आटोक्यांतलें काम नाहीं. श्रीमंत अमेरिकेंतसुद्धां हा वाद झालेला आहे. तेथील व्यावसायिक फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना पुष्कळ वर्षें ऊबदार शहरांत किंवा छपराखालींच खेळविला जात असे. २ फेब्रुवारी २०१४ रोजीं तो न्यू जर्सी प्रांतांत, थंड प्रदेशांतील उघड्या मैदानावर प्रथमच झाला. पुष्कळांस भय वाटत होतें; परंतु आरंभीं उष्णमान सुमारें ९ अंश सेंटिग्रेड, म्हणजे आपल्याकडील एखाद्या कडक पहाटेइतकें होतें व सामना सुरळीत पार पडला. गंमत अशी कीं, दुसऱ्याच दिवशीं बर्फ पडून तेथील प्रवाशांचे हाल झाले. एका दिवसाच्या फरकानें यश मिळालें तें नशिबानें. आपल्यास मात्र नशिबावर भरंवसा ठेवण्याचें कारण नाहीं, कारण आपल्या थंडीची वेळ घड्याळासारखी ठरलेली आहे.

येथवरच्या विवेचनानें आरोग्याची बाजू स्पष्ट झाली. परंतु अजिंक्यपदाच्या सामन्यांत आरोग्याइतकीच महत्त्वाची बाजू न्यायाची असते. कोणी म्हणतील, वारा व थंडी दोन्ही संघांस सारखीच; अर्धा डाव झाल्यावर बाजूही बदलतात; मग अन्याय तो कोणता ? आमचें उत्तर असें कीं, थंडी सारखी असली तरी अंगावरचे कपडे सारखे नसतात. एका संघाजवळ बूट, मोजे व लोकरीचे स्वेटर आहेत. दुसऱ्या संघांतील मुलें पहाटें आजूबाजूच्या खेड्यांतून चालत किंवा बसनें आलीं आहेत, त्यांच्या आया कापूस वेचावयास गेल्या आहेत, वडील रात्रभर गव्हास पाणी देऊन आतां कोठें पाठ टेकताहेत, आणि तीं मुलें चहाच्या घोटावर मैदानांत उतरलीं आहेत. अशा दोन संघांचा सामना सकाळीं सात वाजतां, दंव पडलेल्या गवतावर ठेविला, तर तो खेळाचा सामना नसून कपाटांचा सामना होतो.

याचें उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासांतच आहे. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेंत आपल्या संघांतील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २ विरुद्ध १ अशा थोडक्या फरकानें हरले. त्यांचें सर्वत्र कौतुक झालें. पुढें १९५२ च्या जुलै महिन्यांत फिनलंडच्या हेलसिंकी नगरींत आपला संघ युगोस्लाव्हियाशीं खेळला. तेथील हवा थंड होती, आणि आपले कांहीं खेळाडू तेथेंही बुटांवांचूनच उतरले. निकाल १० विरुद्ध १ असा लागला. प्रतिपक्ष बलाढ्य होता हें खरें. परंतु त्यानंतर भारतीय फुटबॉलच्या चालकांनीं बूट सक्तीचे केले, यावरून त्यांनीं कोणता बोध घेतला तें उघड आहे. आज तर पादत्राण हें खेळाडूच्या आवश्यक साहित्यांत नियमानेंच गणलें आहे. कौशल्य असूनही तयारी नसली म्हणजे थंड मैदान निर्दय होतें.

सबब आमचें मत असें आहे कीं, अजिंक्यपदाचे सामने हिवाळ्यांत व उघड्या मैदानावरच व्हावेत. परंतु ते योग्य प्रहरीं व्हावेत आणि प्रत्येक मुलगा सारख्या तयारीनें उतरेल याची जबाबदारी सामने भरविणारांनीं घ्यावी. जानेवारींत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. दंव वाळून अंगण ऊबदार व्हावयास आणखी दोन तास लागतात. म्हणून नऊच्या आधीं कोणताही सामना सुरू करूं नये, आणि अंतिम सामना तर दुपारीं साडेतीननंतर ठेवावा. म्हणजे तो दिवस मावळण्यापूर्वीं संपून खेड्यांतील मुलें उजेडीं घरीं पोंचतील. सामन्यापूर्वीं पंधरा-वीस मिनिटें हळूहळू धांवून व हातपाय मोकळे करून अंगांत ऊब आणावी. प्रत्येकाजवळ दुसरा कोरडा सदरा असावा आणि तो मधल्या विश्रांतींत बदलावा. राखीव खेळाडूंनीं शाल किंवा घोंगडी पांघरून बसावें. सदऱ्याखालीं ऊबदार बनियन घालण्यास नियमाची आडकाठी नाहीं; फक्त त्याच्या बाह्यांचा रंग वरच्या सदऱ्याच्या बाह्यांशीं जुळता असावा. सामन्याच्या दोन-अडीच तास आधीं भाकरी, दूध असें साधें अन्न पोटांत असावें; आणि थंडींत तहान जाणवत नसली तरी पाणी प्यावें, कारण घाम हिवाळ्यांतही जातोच.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलास घरीं ठेवून थंडीपासून वांचविण्यापेक्षां त्याच्याबरोबर एक कोरडा सदरा पाठवावा. ज्यांच्या घरीं मागल्या वर्षींचा स्वेटर मुलास आंखूड झाला असेल, त्यांनीं तो पेटींत न ठेवितां शाळेकडे द्यावा. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या अंगास तो बरोबर बसेल. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं जो कर्णधार असेल त्यानें नाणेफेकीस जाण्यापूर्वीं एकदां आपल्या अकराही गड्यांच्या पायांकडे व पाठीकडे पाहावें. कोणाचे पाय अनवाणी आहेत, कोण कुडकुडत आहे, कोणी सकाळपासून खाल्लें नाहीं, हें ज्यास दिसतें तोच खरा कर्णधार. प्रतिपक्षाचा एखादा मुलगा गारठलेला दिसला तर आपली शाल त्यास देण्यास लाजूं नये. त्यानें गोल वाढत नाहींत, पण घटतही नाहींत.

रावेर-यावलकडील केळीच्या बागाईतदारांस थंडीची कल्पना आपल्यापेक्षां अधिक आहे. कडक हिवाळ्यांत केळीला चरका बसतो व पिकाचें मोठें नुकसान होतें. म्हणून तो बागाईतदार केळी लावावयाचें सोडतो काय ? तो बागेच्या कडेला वाऱ्यास आडोसा करतो, रात्रीं पाणी देतो, पहाटें बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतो, आणि बाग उघड्या आकाशाखालींच वाढवितो. मुलांच्या बाबतींतही हीच रीत आम्हांस योग्य दिसते. त्यांस छपराखालीं कोंडूं नये व पहाटेच्या वाऱ्यांतही लोटूं नये; योग्य आडोसा करून उघड्या आकाशाखालीं वाढूं द्यावें. पुढील वर्षीं सामन्यांचें वेळापत्रक फळ्यावर लागेल, तेव्हां त्यांत कोणाचा सामना कोणाशीं आहे हें जसें सर्वजण पाहतील, तसेंच तो किती वाजतां आहे हेंही पाहावें.